आठ मिलिमीटरचं हसू

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तुमच्याशी जेवढी भांडले तेवढी तुम्ही असताना कधी भांडले नाही. भांडी घासताना भांडले, सांगलीहून लोणंदला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून भांडले, पेशंटच्या गालावर बोटं ठेवून व्यायाम शिकवताना मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं दिली. दर वेळी जिंकले, पण समोर तुम्ही नव्हतात, म्हणून जिंकल्यासारखं वाटलं नाही. गेल्या महिन्यात मात्र साताऱ्यात, तुमच्याच गावात, तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभी राहून मी जिंकले. भरल्या सभागृहात जिंकले. आणि आधीच सांगते, मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

तुम्हाला मी आठवतही नसेन. तुमच्या विभागात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात राउंडवर तुम्ही विचारलंत, "याची पापणी मिटते का?" मी म्हणाले, "न्हाई सर." तुम्ही थांबलात, तुमच्यामागचा सगळा घोळका थांबला. "न्हाई नाही, नाही," तुम्ही म्हणालात. "पेशंटची पापणी नंतर बघू, आधी हिची जीभ बघू." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर कित्येक महिने तुमच्यासमोर तो शब्द तोंडात यायला लागला की मी वाक्यच फिरवायची. 'पापणी मिटत नाही' म्हणण्याऐवजी 'पापणी उघडी राहते' म्हणायची. तुम्हाला नकार कसा द्यायचा हेच मी विसरले, असं आता वाटतं.

तुमचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. मांडीतला स्नायूचा एक पट्टा काढायचा, तो निर्जीव गालात बसवायचा, रक्तवाहिन्या जोडायच्या, आणि चावायला वापरतो त्या नसेची एक फांदी त्याला जोडून द्यायची. तुम्ही आठ-आठ तास उभे असायचात. मग काही महिन्यांनी एखाद्या सकाळी तो गाल पहिल्यांदा हलायचा आणि पेशंटच्या घरची माणसं तुमच्या पाया पडायची. ते खोटं नव्हतं. त्या वर्षी दिवाळीआधी तुम्ही मला दोन टोकांचा एक स्टीलचा कंपास दिलात. परदेशातून आणलेला. "हसू मोजायला," म्हणालात. मी तो रुमालात गुंडाळून लोणंदला नेला आणि वडिलांना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "साहेबांनी सोत्ताहून दिला? मग तुझी नोकरी पक्की समज." त्या दिवाळीत मी तुमच्याबद्दल घरात इतकं चांगलं बोलले की आईनं तुमच्यासाठी चकल्यांचा डबा दिला. तुम्ही तो टेबलावरच ठेवून गेलात. नंतर सिस्टरांनी खाल्ल्या.

मग ती मुलगी आली. शिराळ्याकडची. दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यात कानापुढची गाठ काढताना चेहऱ्याची नस तुटली होती, आणि डाव्या बाजूचा गाल ओल्या कापडासारखा लोंबत होता. वय वीस. तोंडावर ओढणी धरून बोलायची. तिचं ऑपरेशन तुम्ही केलंत आणि व्यायाम मी दिले. दात दाब, ओठ वर जाऊ दे, सोड. परत दाब. तो स्नायू चावायच्या नसेवर चालायचा, म्हणून हसायचं असेल तर तिला दात दाबावे लागायचे. घरी कपाटाच्या आरशासमोर ती रोज करायची. सहा महिन्यांनी ओठाचा कोपरा वर गेला. तुम्ही कंपास लावलात, पट्टीवर टेकवलात आणि मोठ्यानं म्हणालात, "आठ मिलिमीटर!" व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूटिंग केलंत. ती कॅसेट घेऊन पुण्याच्या परिषदेला गेलात आणि टाळ्या घेऊन आलात.

तीनच महिन्यांनी ती आईला घेऊन परत आली. तुमच्या खोलीत पाच-सहा विद्यार्थी होते, मी होते. आई दारातच हात जोडून उभी राहिली. "साहेब, रागावू नका. पोरगी हसली की समोरच्याला वाटतंय नाक मुरडती. बघाया आल्याली मानसं चहा न पिता उठून गेली. म्हनली, पोरीला लय गुर्मी हाय."

तुम्ही कंपास मागितलात. मीच तो हातात दिला. तुम्ही तिला हसायला सांगितलंत, मोजलंत आणि विद्यार्थ्यांकडे वळलात. "डावीकडे आठ, उजवीकडे नऊ. दोन्ही बाजू धडधाकट असलेल्यांचंही इतकं सारखं नसतं." मग आईकडे पाहून म्हणालात, "लग्न जमवायचा विभाग खालच्या मजल्यावर आहे का बघा." खोलीत हशा झाला. आणि सगळे हसले म्हणून ती मुलगीही हसली, सर. तिनं दात दाबले. उजवा ओठ आधी वर गेला, डावा त्याच्यामागून ओढल्यासारखा निघाला. डोळे होते तसेच राहिले. जबडा आवळलेला, नजर थिजलेली. तुमची पट्टी ओठ कुठं पोचला ते मोजत होती, तो तिथं कसा गेला ते मोजत नव्हती. मी ते बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, तिचं हसू लोकांना हसू वाटत न्हाई."

तो शब्दच चुकीचा निघाला. तुम्ही हातातला कंपास टेबलावर ठेवलात. "लोकांना? की लोणंदच्या बाजारातल्या लोकांना?" परत हशा. "तुझ्या डोळ्यांना काय वाटतं ते लिहायला फाइलमध्ये रकाना नसतो. मिलिमीटरला असतो." त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी तोंडावर घेतली. पुढच्या सोमवारी माझी बदली हाडांच्या वॉर्डात झाली. दोन वर्षं मी मोडलेले गुडघे वाकवले. तुमच्या विभागाच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मागच्या जिन्यानं यायची. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या इस्पितळात होते. सगळे अंत्यदर्शनाला निघाले. मी पेशंट आहे म्हणून थांबले. पेशंट नव्हता. मी कँटीनमध्ये बसून चहा प्यायले आणि आता हिशेब कुणाकडे मागायचा या विचारानं मला रडू आलं. लोकांना वाटलं, हिला सरांची किती माया.

आता मी परत चेहऱ्यांकडे आले आहे. सांगलीतच. आमच्याकडे ऑपरेशनच्या आधीचं आणि नंतरचं हसू तपासायला संगणकाचा प्रोग्रॅम आहे. मशीन लर्निंग म्हणतात. हजारो माणसांचे चेहरे दाखवून त्याला शिकवलेलं असतं. त्याला नस कळत नाही, स्नायू कळत नाही. समोरच्या चेहऱ्यावर आनंद किती दिसतो, राग किती, तिरस्कार किती, एवढंच ते सांगतं. व्हिडिओ पुढे जातो तशा खाली रंगीत रेषा सरकत राहतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या मनात पेशंटचं भलं वगैरे काही आलं नाही. तुम्ही आलात. याला रकाना आहे, सर, असं मी मनात म्हणाले.

तुमचा जुना विभाग दुसऱ्या इमारतीत हलवत होते. मी आताच्या प्रमुखांची रीतसर परवानगी काढली आणि कपाटातल्या कॅसेटी व त्या मुलीची फाइल ताब्यात घेतली. सांगलीत लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे अजून कॅसेट चालवायचं मशीन होतं. त्यानं त्या मुलीची कॅसेट संगणकावर चालेल अशी करून दिली. प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या इंजिनिअर बाई आणि मी शेजारी बसलो. पडद्यावर ती आली, वीस वर्षांची, नवा पंजाबी ड्रेस घातलेली. कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज आला, "हास." तिनं दात दाबले. आनंदाची हिरवी रेषा जमिनीला चिकटून राहिली. तिरस्काराची लाल रेषा उभी चढली आणि तुम्ही "आठ मिलिमीटर!" म्हणालात तेव्हा ती सगळ्यात वर होती.

मी खुर्चीतून उठलेच. इंजिनिअर बाई घाबरल्या. म्हणाल्या, "ताई, यावर फार विसंबू नका. हे निरोगी चेहऱ्यांवर शिकलंय. जबडा आवळलेला आणि डोळे थिजलेले दिसले की त्याला ते तुच्छतेनं बघणं वाटतं. आत माणसाला काय वाटतंय ते त्याला कळत नाही."

"म्हणजे ते बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं बघतं," मी म्हणाले.

"हो, तसंच म्हणा."

"मग मला तेच पाहिजे."

पण दाखवायचं तर तिची परवानगी हवी होती. फाइलमधल्या पत्त्यावरून शोधत गेले तर कळलं, ती लग्न होऊन कुंडलला आहे. मी गेले. पिठाची गिरणी चालवते, सर. दारात उभी होती, भुवयांवर पीठ, आणि ओढणी नाही, पदर नाही, तोंड उघडं. मला तिनं लगेच ओळखलं. स्वयंपाकघरात पाट दिला. सासू चुलीशी बसून भाकरी थापत होती. मी लग्नाचं विचारलं. नवरा फौजेतून निवृत्त होऊन आलेला, आता पोस्टाच्या कामाला पलूसला गेला होता. ती म्हणाली, "बघाया आलं तवा मी हसले. ह्यांनी सरळ इचारलं, 'हसताय का रागावलाय?' मी म्हनलं, हसतीया. तर म्हनले, 'बरं, मग मी ध्यानात ठिवतो.'" तुमचा कंपास, माझा प्रोग्रॅम, एवढं सगळं, आणि त्या माणसानं एक प्रश्न विचारला होता.

मी मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि तिला हसायला सांगितलं. ती लाजली. सासूनं थापता थापता विचारलं, "ह्या बाई कशापायी आल्यात गं?"

"माझं हसू मोजाया."

सासूचा हात थांबला. "आनि कुटं नेऊन मोजनार? कारखान्याच्या काट्यावर तर नगं गं बाई, तितं वजन मारत्यात."

आणि ती हसली. दात न दाबता हसली, मान मागं टाकून, डोळे बारीक करून, सांडशी हातातून पडेपर्यंत. दोन्ही गाल वर गेले. डावा किंचित कमी, किंचित उशिरा. मी व्यायामाचं विचारलं तर म्हणाली, "छे वो, ते कवाच सोडलं. लग्नानंतर आरशात बघाया कुनाला येळ हाय? आपोआप सुटं झालं." मी तिला खरं ते सांगितलं. तुम्ही गेल्याचं, साताऱ्याच्या सभेचं, त्या लाल रेषेचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "आवं ताई, ते तर मेलं. आता तुमी भांडताय कुनासंगं?" मग तीच म्हणाली, "दावा. पर माझं नाव घ्याचं न्हाई. आनि निसतं ते जुनं रडकं दावू नका, आजचंबी दावा."

साताऱ्याची सभा तुमच्या स्मृतीसाठी होती. मला बोलावलं होतं ते नव्या प्रोग्रॅमबद्दल बोलायला. मी काय आणलंय हे कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या रांगेत तुमच्या पत्नी, आमच्या मॅडम, होत्या, करड्या रंगाची साडी, मांडीवर पर्स. त्यांच्यामागं तुमचे तेच विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, स्वतःची इस्पितळं असलेले. मी तुमची कॅसेट लावली. तुमचा आवाज सभागृहात घुमला तेव्हा काहींनी डोळे पुसले. मग मी तीच फीत रेषांसकट लावली. तुमचं "आठ मिलिमीटर!" आलं आणि लाल रेषा छताला भिडली. मी शांतपणे समजावून सांगितलं की या हसण्यामुळे एका मुलीचं लग्न जमत नव्हतं, तिनं हे येऊन सांगितलं होतं, आणि तिला काय उत्तर मिळालं. तुमचे शब्द मी जसेच्या तसे म्हटले, खालच्या मजल्यासकट. त्या दिवशी हसलेल्यांपैकी तीन जण समोर होते. एकानं चष्मा काढून पुसायला घेतला. इतकी शांतता मी तुमच्या राउंडलाही ऐकली नव्हती. शेवटी कबूल केल्याप्रमाणे मी कुंडलचं हसू लावलं. हिरवी रेषा वर गेली. सभागृहात कुणीतरी आपोआप हसलं.

एक तरुण सर्जन उठला. "मॅडम, स्नायू तोच आहे ना? म्हणजे ऑपरेशन यशस्वीच झालं म्हणायचं."

"ऑपरेशन यशस्वी झालं असेल," मी म्हणाले. "हे हसू तिनं नंतर मिळवलं. त्या दिवशी ते तिथं नव्हतं. नसताना ते आहे असं सरांनी लिहिलं." फाइलमधला तुमच्या हातचा शेरा मी पडद्यावर दाखवला. "हास्य समाधानकारक." खाली तुमची सही. बसले तेव्हा माझे पाय हलके झाले होते.

चहाच्या वेळी मॅडम माझ्याकडे आल्या. मला वाटलं, टाकून बोलतील. मी तयार होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे तुम्ही ते असताना का नाही बोललात?"

"बोलले होते. त्यांनी ऐकलं नाही."

"त्यांचा स्वभाव होता तसा," त्या म्हणाल्या. "घरीही होता." मग म्हणाल्या, "आम्ही स्मरणिका काढतोय. सगळे गोड गोड लिहून देताहेत. तुम्ही हे लिहून द्या. त्यांनाच पत्र लिहिल्यासारखं लिहा. मी एक शब्द न गाळता छापीन."

म्हणून हे लिहायला बसले, सर. तुमच्या बायकोच्या हातून, तुमच्याच स्मरणिकेत, तुमच्या फोटोखाली. याहून पुरेपूर काय मिळायचं राहिलं होतं? त्या दिवशीचे शब्द नीट तपासावेत म्हणून मी परवा दुपारी फाइल परत काढली. शेऱ्याचा तो कागद पडद्यासाठी मी अर्धाच घेतला होता, तुमच्या सहीपर्यंत. तेव्हा स्वतःशी म्हणाले होते, खालचं अक्षर पुसट आहे, पडद्यावर नीट दिसणार नाही. ते पुसट नाही. निळ्या शाईत, ठसठशीत, आडनावाच्या शेवटी वळण देऊन केलेली दुसरी सही आहे. 'फिजिओथेरपिस्ट' या शब्दासमोर. ती माझी आहे.

तुम्ही जबरदस्ती केलीत असं लिहिता आलं असतं. पण तुम्ही तर तिथं नव्हतात, शेरा लिहून ऑपरेशन थिएटरला गेला होतात. ती मुलगी आईबरोबर जिना उतरून गेली होती. सिस्टरनी कागद पुढे केला आणि मी सही केली. माझ्या कायम होण्याचा अर्ज तेव्हा तुमच्या टेबलावर होता. पेन शोधायलाही वेळ लावला नाही. आणि तरी सोमवारी तुम्ही मला घालवलंतच. म्हणजे ती सही कुणाच्याच कामाला आली नाही, माझ्याही नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. साताऱ्यात जे केलं ते परत करावं लागलं तर परत करीन, आवाज जरा आणखी चढवून करीन. पण हे पान मॅडमना पाठवत नाही. त्यांचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळी अजून लिहून झालं नाही म्हणाले. काल कुंडलहूनही फोन आला होता. सभेचं काय झालं ते तिला ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं, सभागृह कसं गप्प झालं तेही. ती खूश झाली. म्हणाली, "ताई, त्या खोलीत एवढी मानसं हुती, पर माझ्या बाजूची तुमी एकट्या हुता. मी घरात सगळ्यास्नी सांगती." मी म्हणाले, हो.